श्यामच्या आईचे कोकण करडे का?

महोदय,

७१व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘श्यामची आई’ सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, याचा आम्हा दापोलीकरांना फार आनंद झाला. साने गुरुजींचे पालगड आमच्याच तालुक्यातले. तरीही एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे.

दिग्दर्शक सुजय डहाके यांनी २०२३चा हा चित्रपट कृष्णधवल केला. आचार्य अत्र्यांचा १९५३चा चित्रपटही कृष्णधवलच, पण तेव्हा मराठी चित्रपट निघायचेच तसे. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवणाऱ्या त्या चित्रपटाने मराठी मनात असे घर केले, की तळपाय मळू नयेत म्हणून हट्ट धरणारा श्याम आणि त्याच्यासाठी धोंडीवर ओचा पसरणारी आई पुस्तकात वाचताना आजही डोळ्यांपुढे त्या चित्रपटात आई झालेल्या वनमालाबाईच येतात. ही आठवण ओलांडणे कोणत्याही दिग्दर्शकाला जड जाणार, हे मान्य. पण कृष्णधवल ही अत्र्यांच्या काळाची रीत होती, श्यामच्या गावाचा रंग नव्हे. आषाढात पालगडच्या बाजूला या. तांबड्या चिखलाच्या खाचरांत तरव्याचा, म्हणजे भाताच्या कोवळ्या रोपांचा, पोपटी तुकडा असा उठून दिसतो की नजर हटत नाही. जांभ्या दगडाच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर, मखमलीसारखे शेवाळ चढलेले असते. गुरुजींच्या लहानपणीही हे असेच असणार! मग नव्या पिढीने ते करडे का पाहावे?

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ मूकपटाच्या हलक्याफुलक्या चालीने जाते ते शोभते, कारण तिथे विषयच फाळक्यांच्या पहिल्या मूकपटाचा आहे. इथे तसे नाही.

नव्या चित्रपटात मला सर्वांत भावले ते ओम भूतकर यांनी उभे केलेले प्रौढ गुरुजी. अत्र्यांचा चित्रपट आला तेव्हा गुरुजींना जाऊन तीनच वर्षे झाली होती. त्यांना पाहिलेली, ऐकलेली माणसे थिएटरात बसलेली होती. आजच्या मुलांना गुरुजी म्हणजे पुस्तकावरचे नाव. म्हणून निर्मात्यांना कळकळीची विनंती आहे, की अमळनेरच्या शाळेतले शिक्षक गुरुजी आणि १९४७ साली पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसलेले गुरुजी यांच्यावर स्वतंत्र चित्रपट काढावा. तिथे अत्र्यांशी तुलना होण्याची भीती नाही. आणि तो रंगीत असावा.

— एक निवृत्त शिक्षिका, दापोली