कोपराखाली लपलेलं चित्र

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी म्हातारी आणि बगळ्याची चाळीस सेकंदांची ॲनिमेशन फिल्म काल रात्री पाहिली, सकाळी पुन्हा पाहिली आणि मग एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिली. सोबत तू लिहिलं आहेस, ‘आई, कागदावर म्हातारी जिवंत होती, संगणकात घातली आणि मेली. मला चित्रंच काढता येत नाहीत बहुतेक. पुढच्या वेळी तयार रिग घेते.’ फोनवर मी तुझी समजूत घातली असती, पण हा प्रश्न समजुतीने सुटणारा नाही. म्हणून लिहायला बसले.

तुझं चित्र चांगलं आहे. म्हातारीच्या मानेवर, शाई संपत आलेल्या कुंचल्याने ओढलेली ती खरबरीत रेघ कुठल्याही तयार रिगमध्ये, म्हणजे सांध्यांसकट आयत्या मिळणाऱ्या पात्रात, मिळायची नाही. बिघडलंय ते चित्र आणि हालचाल यांच्या मधलं काम. तिथे तू हात काढून घेतलास आणि सगळं संगणकावर सोपवलंस.

कोपरापासून सुरू करते. म्हातारी बगळ्याकडे हात पुढे करते तेव्हा कोपराच्या बाहेरच्या बाजूला फट पडते आणि आतल्या बाजूला दोन रेघा एकमेकींवर चढतात. का, ते तुझ्या फाइलीत लगेच दिसलं. तू हात अख्खा काढलास, स्कॅन केलास आणि कोपरावर सरळ कापलास. कापलेले दोन तुकडे एकमेकांना फक्त चिकटून उभे राहतात, एकमेकांत शिरत नाहीत. सांध्याला शिरायला जागा लागते. दंड कोपराच्या पुढेही थोडा काढायचा आणि त्याचं टोक गोल करायचं. पुढचा हात कोपराच्या मागेपर्यंत न्यायचा, त्याचंही टोक गोल. दोन्ही गोलांची त्रिज्या सारखी, आणि पिव्हट, म्हणजे तुकडा ज्या बिंदूभोवती फिरतो तो, त्या गोलांच्या बरोबर मध्यभागी. मग हात कितीही वळला तरी फट पडत नाही. म्हणजे कटआउटमध्ये, तुकडे जोडून हलवायच्या या पद्धतीत, जे कधी दिसणार नाही, तेही काढावं लागतं. पदराखालचा खांदा, केसांखालचं कपाळ, पापणीखालचं बुबुळ, सगळं पूर्ण.

सांध्यावरची रेघ हा वेगळा त्रास. दोन गोलांना पूर्ण बाह्यरेषा दिलीस तर कोपराच्या मधोमध बांगडीसारखी रेघ दिसते. म्हणून गोल टोकाशी रेघ उघडी सोडायची, किंवा सांध्यावर रेघ नसलेला, नुसत्या रंगाचा एक छोटा गोल ठिगळासारखा ठेवायचा आणि तो दंडाला बांधायचा. तुझा रंग जलरंगाचा आहे, तेव्हा ठिगळ त्याच वॉशमधून, त्याच पातळ रंगाच्या थरातून, काप. सपाट रंगाचं ठिगळ लगेच ओळखू येतं.

पिव्हट नीट बसल्याशिवाय तुकडे एकमेकांना बांधू नकोस. तुझ्या फाइलीत खांद्याचा अँकर पॉइंट, म्हणजे पिव्हटच, अजून लेअरच्या (त्या तुकड्याच्या थराच्या) मध्यावर आहे, म्हणून हात खांद्यातून न वळता पंख्याच्या पात्यासारखा फिरतो. आणि मूळ कमरेत ठेव. तू सगळं डोक्याला बांधलंयस. कमरेपासून वर धड, छाती, मान, डोकं आणि खाली पाय, अशी साखळी असली की म्हातारी वाकते तेव्हा अंगाचा भार कुठून हलला ते बघणाऱ्याला कळतं.

आता कडेची पांढरी किनार. म्हातारी रात्रीच्या आकाशापुढे आली की तिच्याभोवती बारीक पांढरा दोरा फिरल्यासारखा दिसतो. आमच्या वेळी, कागदाच्या बाहुल्या कॅमेऱ्याखाली हलवताना, हीच अडचण कात्रीने कापलेल्या जाड कागदाची असायची. वरून रंगवलेला तुकडा कापला की कापलेली कड पांढरी राहायची आणि कॅमेऱ्याच्या दिव्यात ती चमकायची. म्हणून प्रत्येक तुकडा कापल्यावर त्याच्या कडेवरून गडद रंगाचं पेन फिरवायचं. एका बाहुलीचे वीस-पंचवीस तुकडे, आणि प्रत्येकाची कड. मला ते काम फार आवडायचं, कारण ते झालं की तुकडा कागदाचा वाटायचा थांबायचा.

संगणकात कड का पांढरी होते, ते समजून घे. तुझ्या रेघेच्या काठावरचे पिक्सेल अर्धे शाईचे आणि अर्धे पांढऱ्या कागदाचे आहेत. तू मागचा कागद काढून टाकलास, पण त्या अर्ध्या पिक्सेलमध्ये मिसळलेला पांढरा तिथेच राहिला. १९८४ साली पोर्टर आणि डफ या दोन संगणकतज्ज्ञांनी एक चित्र दुसऱ्यावर ठेवण्याचं गणित मांडलं. त्यात प्रत्येक पिक्सेलचा रंग त्याच्या अपारदर्शकतेने आधीच गुणून ठेवलेला असतो. आजही फाइल आत घेताना सॉफ्टवेअर ‘स्ट्रेट’ (न गुणलेला) की ‘प्रीमल्टिप्लाइड’ (आधीच गुणलेला) असं विचारतं, ते याच गुणाकाराबद्दल. चुकीचं उत्तर दिलंस तर कड पांढरी किंवा काळी पडते. पण तुझ्या बाबतीत पांढरा रंग स्कॅनमध्येच आहे, त्यामुळे तिथे नुसतं उत्तर बदलून भागणार नाही. मॅट (चित्राचा दिसणारा भाग ठरवणारा साचा) एक पिक्सेल आत ओढ, किंवा त्याहून बरं, रंगवतानाच रंग रेघेच्या थोडा बाहेर जाऊ दे आणि मास्क, म्हणजे तसाच साचा, रेघेवरून काप. मग काठाच्या पिक्सेलमध्ये पांढरा येतच नाही.

काही ठिकाणी तू रेघांचा लेअर ‘मल्टिप्लाय’वर, म्हणजे खालच्या रंगाशी गुणून गडद करणाऱ्या मोडवर, ठेवलास. त्याने पांढरा जातो हे खरं, पण म्हातारीच्या पोटातून मागचं झाड दिसायला लागतं. रेघेखाली त्याच आकाराचा रंगाचा भरीव लेअर हवा. त्या दोन्हींचं मिळून एक कंपोझिशन, म्हणजे एकत्र हलणारा गट, कर आणि ते हलव.

स्कॅनबद्दल थोडंच. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ए-४ कागद साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा होतो. १९२० बाय १०८०च्या चौकटीत उभी म्हातारी दाखवायला ते भरपूर आहे. पण तू त्याच स्कॅनमधला चेहरा मोठा करून पडदाभर दाखवलास, आणि रेघ धुरकट झाली. चेहरा वेगळा, मोठा काढ. जर्मन ॲनिमेटर लोटे रायनिगरने १९२६ साली काळ्या पुठ्ठ्याच्या आणि शिशाच्या पातळ पत्र्याच्या छायाबाहुल्यांचा पूर्ण लांबीचा चित्रपट पुरा केला, त्याला तीन वर्षं लागली. जवळून दाखवायच्या दृश्यांसाठी ती डोकं आणि खांदे वेगळे, मोठ्या आकारात कापायची. तारेने बांधलेले सांधे, खालून उजेड, आणि नुसत्या आकारावरून माणूस ओळखू यायचा. तू एकदा म्हातारीला पूर्ण काळ्या रंगात भरून बघ. ती काय करतेय ते तरीही कळलं, तर पोझ बरोबर आहे. पाणी ओतण्याच्या दृश्यात कळणार नाही, कारण दोन्ही हात धडाच्या पुढे आहेत. एक हात बाजूला घे.

आणि आता ज्याला तू ‘मेली’ म्हणालीस ते. तू दोन कीफ्रेम, म्हणजे हालचालीच्या सुरुवातीची आणि शेवटची पोझ, दिल्यास आणि मधलं सगळं संगणकाने भरलं. संगणक सारखे तुकडे पाडून, प्रत्येक फ्रेमला थोडं थोडं सरकवतो. म्हणून म्हातारी बर्फावरून घसरल्यासारखी जाते. हाताने काम करताना असं होत नाही. सेकंदाला २४ फ्रेम, पण बहुतेक वेळा एक पोझ दोन फ्रेमना धरायची, म्हणजे सेकंदाला १२ पोझ. प्रत्येक पोझमध्ये किती सरकवायचं ते मी ठरवायचे: सुटताना थोडं, मध्ये जास्त, थांबताना पुन्हा थोडं. एकदा तुकडा हलवला आणि फ्रेम घेतली की मागे जाता यायचं नाही. म्हणून हलवण्यापूर्वी हाताने हवेत ती हालचाल करून बघायची. तू तेच कर. उठून उभी राहा, कोणाला तरी हात पुढे करून बघ, खांदा आधी जातो की मनगट ते पाहा. मग महत्त्वाच्या पोझ ‘होल्ड’ (पुढच्या कीफ्रेमपर्यंत न हलणाऱ्या) कीफ्रेमवर बसव, मधल्या पोझ स्वतः घाल, आणि ते बरं दिसेपर्यंत संगणकाला मधलं काही भरू देऊ नकोस.

एक सावधगिरी. पात्र दोन फ्रेमला एकदा हलतंय आणि कॅमेरा प्रत्येक फ्रेमला सरकतोय असं झालं, तर चालताना पाय जमिनीवर थरथरतात. तुझ्या पहिल्या दृश्यात तेच दिसतंय. तिथे कॅमेराही दोनावर घे, किंवा स्थिर ठेव. मी स्थिर ठेवेन.

पपेट टूलने, म्हणजे चित्राला टाचण्या लावून ते ताणणाऱ्या साधनाने, तू हात वाकवलास तिथे जलरंगाचे डाग रबरासारखे ताणले गेलेत. कापड, केस, गवत, बगळ्याची मान यांना ते साधन शोभतं. हाडाला सांधाच हवा. आणि पंजा वळवून वळवून पुरत नाही, तो बदलावा लागतो. मिटलेला, उघडा, बोट दाखवणारा, काही धरलेला, बाजूने दिसणारा, असे आठ-दहा पंजे काढून ठेव आणि हवा तिथे अदलाबदल कर. ओठांचंही तसंच. सात-आठ आकार पुरतात. प, ब, भ, म आले की ओठ मिटलेच पाहिजेत, निदान दोन फ्रेम. ‘बाबा, ये’ म्हणताना तुझ्या म्हातारीचे ओठ एकदाही मिटत नाहीत, म्हणून आवाज दुसऱ्या कोणाचा वाटतो. ओठांचा आकार आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी येऊ दे.

कंपोझिटिंगमध्ये, म्हणजे सगळे लेअर एकत्र जोडताना, तू धुकं आणलंस, चार लेअर खोलीत मागेपुढे ठेवलेस, सगळ्यावर एक चकाकी दिलीस. चकाकी काढ. रेघ तिच्यात बुडते. धुक्याबद्दल मात्र सांगण्यासारखं आहे. रशियन ॲनिमेटर युरी नॉर्श्टेइनने १९७५ सालच्या आपल्या लघुपटात धुकं करायला दृश्यावर अतिशय पातळ कागद ठेवला आणि तो फ्रेमगणिक कॅमेऱ्याच्या दिशेने उचलत नेला. कागद वर येत गेला तसं मागचं सगळं अस्पष्ट आणि पांढरं होत गेलं. धुक्याला पोत होता, कारण तो कागद होता. तूही रेडिमेड धुकं वापरण्यापेक्षा ट्रेसिंग पेपर स्कॅन कर, तो वरच्या लेअरला ठेव, आणि त्याच्या मागचा लेअर हळूहळू अस्पष्ट करत ने. पायाखाली सावली हवी, तीही हाताने रंगवलेली, मल्टिप्लायवर. सावलीशिवाय म्हातारी जमिनीवर उभी नाही, जमिनीपुढे टांगलेली आहे.

ती स्वस्थ बसलेली असते तेव्हा चित्र गोठल्यासारखं वाटतं, असं तूच लिहिलंयस. तेच चित्र लाइट बॉक्सवर (खालून उजेड असलेल्या काचेवर) तीनदा गिरव, अगदी तंतोतंत नको. तिन्ही चित्रं प्रत्येकी तीन-तीन फ्रेम आलटून पालटून दाखव. रेघ किंचित थरथरते आणि बसलेलं माणूस श्वास घेतंय असं वाटतं. पण हे सगळीकडे करू नकोस. झाड, घर, भिंत स्थिर असू दे, नाहीतर तिचा श्वास वेगळा दिसणार नाही.

हे सगळं एका दमात करायला बसू नकोस, मला तुझा स्वभाव माहीत आहे. फक्त दंड, पुढचा हात आणि तीन पंजे नव्याने काढ, आणि तेवढं एक दृश्य पाठव.

बगळ्याला मात्र हात लावू नकोस. ती हात पुढे करते आणि तो उडत नाही, त्या जागी तू अठरा फ्रेम त्याचं काहीच हलवलेलं नाहीस, नुसती पापणी एकदा मिटवलीस. मी मोजलं. ते तुला कोणी शिकवलं नव्हतं.

तुझी,
आई