गृहिणीचं पुल्लिंग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतल्या पाककृतीच्या सदराची सुरुवात ‘मैत्रिणींनो’ अशी होते. गेली अडीच वर्षं मी ते सदर नेमानं वाचतो. निम्मे-अर्धे पदार्थ करूनही बघितलेत. दर वेळी त्या ‘मैत्रिणींनो’पाशी मान आपोआप मागं वळते, कुणाला हाक मारली म्हणून. राग नाही, पण एकदा ओळख करून द्यावी म्हटलं.

मी कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत बारा वर्षं क्वालिटीला होतो. कास्टिंग म्हणजे ओतीव लोखंडी भाग तपासायचा, ब्लोहोल (आत हवेनं पडलेलं भोक) दिसलं की बाजूला टाकायचा, हे काम. बायको बँकेत अधिकारी. मुलगी झाली तेव्हा तिला २०१७ सालच्या कायद्यातल्या दुरुस्तीप्रमाणे २६ आठवड्यांची रजा मिळाली. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बापाला १५ दिवस मिळतात. खासगीतल्या बापाला कायदा काहीच देत नाही, त्यामुळे मला मिळाला पेढे वाटण्यापुरता अर्धा दिवस. रजा संपायच्या सुमारास तिची बदली कराडला झाली. माझ्या आईचे गुडघे कामातून गेलेले, पाळणाघर दोघांनाही पटेना. एका रात्री तिची आणि माझी पगाराची स्लिप शेजारी शेजारी ठेवली. दहा मिनिटांत निकाल लागला. बारा वर्षं दुसऱ्यांचा माल रिजेक्ट केला, शेवटी स्वतःवर शिक्का मारला.

पहिले सहा महिने ‘सध्या काय करता?’ या प्रश्नाला मी ‘वर्क फ्रॉम होम’ असं उत्तर देत होतो. वर्क होतं, होमही होतं, मधलं ‘फ्रॉम’ तेवढं खोटं. आमचे आबा अजून पाहुण्यांना सांगतात, ‘तो ऑनलाइन करतो कायतरी.’ ऑनलाइन म्हणजे वीजबिल भरतो.

मध्यंतरी एक बाई माहिती भरून घ्यायला दारात आल्या. व्यवसाय? मी म्हटलं, घर सांभाळतो. त्यांनी ‘बेरोजगार’ लिहायला घेतलं. माझ्या एका हातात पोरगी, दुसऱ्या हातात झारा, गॅसवर दूध. म्हटलं, बाई, बेरोजगार माणूस असा दिसतो का? त्या बिचाऱ्या खरंच अडल्या. म्हणाल्या, ‘मग काय लिहू? गृहिणीचं पुल्लिंग काय हो?’

दूध उतू गेलं तरी मी त्याच विचारात. गृहिणीचं पुल्लिंग गृहस्थ! गृह अधिक स्थ, म्हणजे घरात असलेला. शब्द जसा काही माझ्याच मापानं शिवलेला. आणि हा शब्द आपण वापरतो कुणाला? सकाळी आठला डबा घेऊन बाहेर पडणाऱ्याला. आमच्या बिल्डिंगीत बारा बिऱ्हाडं आहेत. त्यात शब्दाला जागणारा गृहस्थ मी एकटा, बाकी सगळे स्थलांतरित. बाईंनी शेवटी ‘इतर’ लिहिलं. २०११ च्या जनगणनेच्या फॉर्मात न कमावणाऱ्यांसाठी घरकाम असा वेगळा कोड होता. आता २०२७ ला प्रगणक दारात आले की मी स्वतः बोट ठेवून दाखवणार आहे.

वेळेचं म्हणाल, तर सरकारची २०२४ ची एक पाहणी आहे, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. घरकाम करणाऱ्या पुरुषाची त्यात रोजची सरासरी निघाली ८८ मिनिटं, बाईची २८९. जुनी खोड, मी घड्याळ लावून बसलो. भाकरी, भाजी, डबा, ओटा, भांडी, पोरीनं सांडलेलं पुसणं, पुसलेल्यावर परत सांडलेलं पुसणं. साडेनवालाच माझी ८८ पूर्ण. त्यापुढचं सगळं मी कराडातल्या दुसऱ्या दोन-तीन पुरुषांच्या वाटचं करत असणार. त्यांनी एखादा नारळ तरी पाठवावा.

भाकरीचं थोडं सांगतो, कारण तिनं मला घाम फोडला. तीन महिने कडा चिरायच्या. मी आपला फाउंड्रीच्या डोक्यानं पाण्याचं तापमान बघ, थापण्याचा दाब बघ, असं करत बसलो. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी पीठ नुसतं चिमटीत धरलं आणि म्हणाल्या, ‘विरी गेलीया ह्याची. महिन्याचं पीठ एकदम दळून आणू नका.’ विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. बारा वर्षं आम्ही कच्चा माल आधी तपासायचो, आणि घरी येऊन तेच विसरलो. आता आठ दिवसांचीच ज्वारी दळून आणतो. पोपडा असा सुटतो की मी तव्याकडं बघत उभा राहतो आणि दुसरी करपते.

मंडईतल्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, ‘मालकीणबाई आजारी हायत्या व्हय?’ नाही म्हटलं. ‘म्हायेराला गेल्यात?’ नाही. मग त्यांनी पुढचं काही विचारलं नाही, मूठभर कोथिंबीर जास्तीची टाकली. गेलेल्या बाईबद्दलचा दुखवटा होता तो. खरं कळल्यावर कोथिंबीर बंद होईल असं वाटलं होतं, उलट वाढली. आता शेजारणीला सांगतात, ‘बायको म्यानेजर हाय, पर ह्यो माणूस मेथी निवडून घेतोय बघ.’ (बायको आजवर एकदाही मॅनेजर झालेली नाही. मंडईतली बढती.) हीच मेथी तिनं निवडली असती तर कोथिंबिरीची एक काडी फुकट मिळाली नसती, हे मला कळतं. कोथिंबीर मात्र मी घेतो.

संक्रांतीला बिल्डिंगीत हळदीकुंकू असतं. बोलावणं बायकोला, वाण तिच्या नावाचं. यंदा स्टीलची चहाची गाळणी आली. घरात चहा कोण गाळतो, हे त्या सगळ्याजणींना नीट ठाऊक आहे. बालवाडीच्या ग्रुपचं नाव ‘मॉम्स’ होतं, मी आल्यावर कुणीतरी बदलून ‘मॉम्स आणि काका’ केलं. त्यातल्या निम्म्या बायका माझ्याहून मोठ्या आहेत.

पोरगी वर्षाची असताना तिचं पोट बिघडलं. दवाखान्यात नेलं. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, ‘आई कुठंय?’ म्हटलं, बँकेत. ‘मग माहिती कोण देणार?’ म्हटलं, मी देतो, पहाटेपासून मीच धुतोय. तिनं माझ्याकडं दयेनं बघितलं, कार्डावरचा आईचा नंबर काढला आणि फिरवला. बायको तेव्हा कर्जाच्या मीटिंगमध्ये. शी कितीदा, कशी, रंग काय, हे तिला कुठनं माहीत? तिनं काउंटरचा फोन होल्डवर टाकला आणि मला लावला. मी काउंटरच्या अलीकडं उभा राहून फोनवर सांगितलं, ‘चारदा, पातळ, हिरवट.’ ते कराडच्या बँकेत गेलं, तिथून फिरून हातभर अंतरावरच्या मुलीच्या कानात आलं आणि तिनं ते समाधानानं लिहून घेतलं. कर्ज मागायला आलेल्या गृहस्थांनी (बघा, हे गृहस्थ!) बायकोला विचारलं म्हणे, ‘म्हशीचं दुखणं का मॅडम?’

आता मुद्द्याचं. पोरगी आठ महिन्यांची असताना तिला एकट्यानं घेऊन मी एसटीनं कोल्हापूरला निघालो होतो. गाडी बदलायला एका स्टँडवर उतरलो. पोरीनं दुपट्यापर्यंत सगळं भरवलं. स्टँडवर हिरकणी कक्ष होता, दारावर चित्रासकट. अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी ती खोली आहे, तिथं पुरुषानं शिरू नये हे मला पूर्ण मान्य. पुरुषांच्या मुतारीत बाळ आडवं करायची कल्पनासुद्धा नको. फलाटावर फिरताना मला हिरकणीचीच गोष्ट आठवत राहिली. तान्ह्या बाळासाठी ती रात्रीत रायगडाचा कडा उतरली, थोरच बाई. पण दिवसभर ती गडावर दूध घालत होती तेव्हा ते बाळ खाली कुणापाशी होतं, हे लहानपणी मला कुणी सांगितलंच नाही. ज्यानं कुणी ते रडणारं पोर तेवढा वेळ सांभाळलं असेल, त्याच्या नावानं बुरूज नको, एखादी फळी तरी असावी.

शेवटी एका बाकावरच्या आजी सरकल्या. पिशवीतलं वर्तमानपत्र काढून मी बाकावर अंथरलं आणि सगळं उरकलं. कुठलं वर्तमानपत्र ते विचारू नका. पुरवणी होती, तीही महिलांची, आणि पाककृतीचं पान वर आलं होतं. आजी म्हणाल्या, ‘आधी पुसून घे पुढनं, मग मागनं. पोरीची जात हाय.’ ते आजवर कुणी सांगितलं नव्हतं, मलाही आणि बायकोलाही.

तर मागणी एवढीच. स्टँड, दवाखाना, जिथं पोराबाळांची ये-जा आहे तिथं आईबाप दोघांनाही जाता येईल अशा जागी एक फळी बसवावी. अडीच फूट बाय दीड फूट, जमिनीपासून तीन फुटांवर, तीन बाजूंनी चार इंचांची उभी कड, वर धुता येईल असा सनमायका. शेजारी नळ आणि झाकणाची बादली. ड्रॉइंग मी काढून ठेवलंय, कुणाला हवं असेल तर फुकट देईन. कोपरे तेवढे गोल करा.

आपला,
एक गृहस्थ, कराड

ता. क. : मागच्या खेपेच्या नाचणीच्या सत्त्वाच्या कृतीत पाणी किती, ते छापायचं राहिलंय. मी एका सपाट चमच्याला पेलाभर घेतलं, आधी गार पाण्यात कालवून मग गॅसवर चढवलं. गुठळी एकही नाही. मैत्रिणींना कळवावे.