मावशीच्या बाटल्या

प्रिय चिमे,

मेसेज मिळाला असेलच. मावशीने पाठवलेली बाटली उघडू नकोस, चाखून तर मुळीच बघू नकोस. एवढंच घाईघाईने कळवलं, पण सगळं काही त्यात मावणारं नव्हतं. दुसऱ्या कुणाला सांगावं तर "तेलाच्या बाटलीचं एवढं काय" म्हणतील, म्हणून पत्र.

आम्ही सगळे बरे आहोत. माझा गुडघा होता तसाच.

यंदा मावशीचं बेसिल बेफाम आलंय. तिची ती पद्धत आठवते ना, पानांच्या जोडीच्या अगदी वर शेंडा खुडायचा, की खालून दोन फुटवे? तशी खुडत खुडत तिने त्याचं पार झुडूप करून टाकलंय. तुरा धरला की पानाचा दम जातो म्हणून तुरे ती दिसताक्षणी काढते. तू मधमाश्यांसाठी तुरे राखायचीस, ती पहाटे उठून खुडायची आणि मग तुम्हा दोघींचा अबोला! ऐक, या वर्षी एका कुंडीतले तुरे तिने राखलेत. तुझं नाव काढलं नाही, पण माझ्याकडे बघून हसली.

तर एवढा पाला आला, आणि तिच्या मनात आलं की सगळ्यांना वाटावा. पानं धुतली, लसूण सोलला, बाटल्यांत भरून वर तेल ओतलं. खिडकीच्या फळीवर रांग लावली. प्रत्येकीवर तिच्या त्या तिरक्या अक्षरात नाव. मी एक बाटली उजेडात धरली तर तळाशी, तेलाखाली, पाण्याचे बारीक मणी साचलेले. पानं पुसायची राहिली होती. आणि त्या तशाच बाहेर, फ्रीजमध्ये नाहीत, कितीतरी दिवस.

माझ्या पोटात गोळाच आला. तू लॅबमध्ये होतीस तेव्हा सांगितलेलं सगळं आठवलं. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम, म्हणजे तो जीवघेणं विष तयार करणारा जिवाणू, त्याचे बीजाणू मातीत असतात, म्हणून पानांवर आणि लसणावरही असू शकतात. एरवी ते निपचित पडून राहतात. पण तेलाखाली हवा नाही, लसणाला आंबटपणा नाही, पानांत ओल भरपूर. त्यांना हवं ते सगळं आपणच बाटलीत भरून देतो. १९८५ साली व्हँकुव्हरमध्ये तेलातल्या लसणाने ३६ जण आजारी पडले होते, तेही तूच सांगितलं होतंस. वाईट हे की विष तयार झालं तरी वास, रंग, चव काही बदललेलं असेलच असं नाही. "बाटल्या उकळून घेतल्यात गं" असं मावशी म्हणेल. पण बाटली उकळली तरी बीजाणू आत येणार ते पानालसणाबरोबर. आणि ते साध्या उकळत्या पाण्याला दादही देत नाहीत.

आता तिला सांगायचं कसं? माती ओळखायला जिने शिकवलं, तिला म्हणायचं की हे सगळं फेकून दे? ती एका शब्दाने उलट बोलणार नाही, बाटल्या रिकाम्या करेल, आणि पुन्हा कुणाला काही देणार नाही. त्याचीच मला धास्ती वाटते. वाढलेलं वाटल्याशिवाय तिचं बागकाम पुरं होत नाही.

म्हणून रिकाम्या हाताने जायचं नाही असं ठरवलंय. बर्फाचे ट्रे घेऊन जाते. दव सुकल्यावर, ऊन चढायच्या आत दोघींनी पानं खुडायची, काही सेकंद उकळत्या पाण्यात घालून लगेच बर्फाच्या पाण्यात, म्हणजे काळी पडत नाहीत. मग कोरडी करून थोड्या तेलात वाटून ट्रेमध्ये भरायची आणि थेट फ्रीझरमध्ये. तेलात घालायचंच तर तेही गोठवायचं, किंवा फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवायचं. थाइम आणि ओरेगानोच्या जुड्या मात्र सावलीत, वारा खेळेल अशा जागी टांगू. ती पानं वाळून उलट तेज होतात. अख्खीच बरणीत भरायची, चुरायची ती वापरताना. वाटायला तिला त्या बरण्या होतील, नावं घालायलाही जागा आहे.

कोथिंबीर मात्र वाळवायची नाही. तू कितीही भांडलीस तरी वाळलेल्या कोथिंबिरीला गवताचा वास येतो हे मी आजही म्हणणार. ती गोठवायचीच.

तुझी बदली झाली का? धाकट्याची परीक्षा कशी गेली? सासूबाईंचं ऑपरेशन नीट पार पडलं हे दादाकडून कळलं, हायसं वाटलं. सविस्तर लिही, मला सगळं हवंय.

आणि एक कर. मावशीचा फोन आला, "आवडलं का गं" म्हणाली, तर खोटं बोलू नकोस, पण खरंही तू सांगू नकोस. अजून उघडली नाही एवढंच म्हण. आधी मी तिच्याशी समोर बसून बोलते. त्यानंतर तू फोन करून तिच्याकडे थाइमची बरणी माग. तू मागितलीस तर ती नक्की करेल. माझं काय, मी रोजचीच.

पुदिन्याच्या काड्या पाण्यात घालून ठेवल्यात, मुळं फुटली की पाठवते. कुंडीतच लाव हं, जमिनीत नको. मागच्या वेळी तुझी अख्खी बाग त्याच्या नावावर झाली होती!

तुझी,
ठमी