ज्यांची नावेही मला ठाऊक नाहीत, त्यांचे आभार
माझ्या वडिलांचे हृदय गेली दोन वर्षे शरीराला पुरेल इतके रक्त पुढे ढकलू शकत नाही. त्यांची शुश्रूषा करताना मला सावरणाऱ्या ठाण्यातील सर्वांचे मी मनापासून आभार मानते. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीपूर्वी वजन करायचे आणि दोन-तीन दिवसांत ते २ किलोने वाढले तर अंगात पाणी साचत असल्याचे समजून डॉक्टरांना लगेच कळवायचे, हे वॉर्डातील एका परिचारिकेने स्वतःची कामाची वेळ संपल्यावरही थांबून, कॅलेंडरवर आकडे लिहून दाखवीत मला शिकवले. पापड-लोणचे बंद झाल्यावर वडील ताटावरून उठू लागले, तेव्हा शेजारच्या काकूंनी लिंबू, जिरे आणि भरपूर कोथिंबीर घातलेली अळणी आमटी महिनाभर डब्यातून पाठवली. तीन उशा लावूनही त्यांना दम लागला त्या पावसाळी रात्री एका रिक्षाचालकाने त्यांना दोन जिने उचलून खाली आणले व भाडे न घेताच तो निघून गेला. रुग्णाची विचारपूस सगळेच करतात, परंतु "तू जेवलीस का?" असे मला विचारून, तलावपाळीला फेरी मारून ये म्हणत वडिलांजवळ बसणाऱ्या पहिल्या मजल्यावरच्या आजोबांचे ऋण फार मोठे आहे.