लॅक्रॉसला दोन ओळी तरी द्या
संपादक महोदय, स.न.वि.वि.

मी नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीत राहते, 2024 च्या मे महिन्यात कॉलेजच्या मुलींच्या लॅक्रॉसची फायनल आमच्या गावातच झाली, नॉर्थवेस्टर्न 6-0 ने पुढे, म्हटलं संपलं आता चला घरी, तर बॉस्टन कॉलेजच्या पोरींनी मॅच फिरवून 14-13 ने जिंकली की हो! काठीच्या टोकाला जाळी, त्यात बॉल झुलवत सुसाट पळायचं, डोळ्यांवर नुसता गॉगल, हेल्मेटची सक्ती काय ती गोलकीपरला. (आपल्या खो-खोवाल्या मुलींना जमेल हे.) 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये लॅक्रॉस आहे, सहा-सहा जणींचं. तुमच्याकडे क्रिकेटरच्या लग्नाला अर्धं पान मिळतं, मग ह्याला दोन ओळी तरी छापा ना.

– एक वाचक, कॅरी