पांढरी चारमधला संसार : पेटीवाल्या नानांना आभाराचं पत्र

आदरणीय नाना,
शि. सा. न. वि. वि.

आमच्या मंडळातल्या जिजींच्या आवाजातलं बहिणाबाई चौधरींचं 'अरे संसार संसार' आता जळगावपासून शिरपूरपर्यंत मोबाइलवर फिरतंय. जो ऐकतो तो जिजींचं कौतुक करतो, आणि ते त्यांचंच आहे. पण त्या साडेचार मिनिटांत पेटी कुठे कुठे गप्प बसली आहे, हे कुणाच्या कानाला कळत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहीत आहोत.

पाळी गेल्यानंतर बाईचे स्वरतंतू जाडावतात आणि आवाज खाली उतरतो. पुरुषांचं उलट होतं, तंतू बारीक होतात आणि आवाज थोडा वर सरकतो. शहात्तर वर्षांच्या जिजींना मंडळाची काळी चार (हार्मोनियमची चौथी काळी पट्टी सा धरून गाणं) झेपणार नव्हती, हे सगळ्यांनाच दिसत होतं. सगळ्यांचा आग्रह होता की सरळ पांढरी तीन करा, वरचे सूर सोपे जातील. तुम्ही पेटी उघडलीच नाहीत. आधी जिजींना गाण्याचे शब्द नुसते बोलायला लावलेत आणि बोलता बोलता आवाज कुठे टेकतो ते ऐकत राहिलात. मग पांढरी चार ठरली, काळी चारपासून काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या खाली. आणखी एक पट्टी उतरवली असती तर तार षड्ज (वरचा सा) आरामात लागला असता, पण मंद्रातला पंचम (खालचा प) नुसती हवा झाला असता. आपल्या चालीत प्रत्येक कडवं खालीच येऊन टेकतं. तिथे शब्द विरला की गाणंच गेलं.

लयीच्या बाबतीत तर तुम्ही आमचा मोठा गैरसमज काढलात. म्हातारा आवाज म्हणजे संथ लय, असं सगळेच धरून चालतात. पण लय उतरवली की ओळ लांबते, आणि वयात सगळ्यात आधी कमी पडतो तो दम. आठ मात्रांची अर्धी ओळ 80 च्या लयीत (मिनिटाला 80 मात्रा) 6 सेकंदांत संपते, 60 च्या लयीत तिला 8 सेकंद लागतात. जिजींचा श्वास सहा-साडेसहा सेकंदांचा. संथ लयीत त्या 'भाकर' शब्दाच्या मधेच तुटल्या असत्या. तुम्ही लय 80 वरच ठेवलीत आणि दोन ओळींच्या मधे केरव्याचं एक पूर्ण, आठ मात्रांचं आवर्तन मोकळं सोडलंत. ऐकणाऱ्याला वाटतं गाणं सावकाश चाललंय. सावकाश आहे ती फक्त मधली जागा.

पेटीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इतर साथीदारांना ते उपयोगी पडेल. तुम्ही कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातला तोच सूर वाजवणारी सोय) बंद केलात, खर्जाचे सूर बंद केलेत, एकाच ओळीच्या सुरांवर वाजवलंत, आणि भाता इतका हलका ठेवलात की पट्टी दाबल्याचा धक्का येऊच नये. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गांधारावर (ग) तुम्ही हात उचललात. 440 हर्ट्झच्या प्रमाणावर लावलेल्या पेटीत पांढरी चारचा सा 174.6 हर्ट्झचा, आणि पेटीचा गांधार 220 चा. त्या षड्जाचा नैसर्गिक गांधार मात्र 218.3 च्या जवळ असतो, आणि जुन्या वळणाचा गळा तिथेच जातो. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला दीड-दोन वेळा लाट उठते. तरुण गळ्यात ती लपते. वयाबरोबर आवाजातलं कंपन सावकाश आणि रुंद होतं, त्यात ही लाट मिसळली की बाई बेसूर गातेय असं वाटतं. दोष पेटीचा असतो आणि नाव म्हातारीचं जातं. तुम्ही तिथे फक्त सा-प धरून राहिलात आणि गांधार पूर्ण जिजींच्या हवाली केलात.

तबल्याचंही तसंच. एकाच दायाला (उजव्या हाताच्या तबल्याला) एक-दीड पट्टी उतरवता येते. तीन पट्ट्या उतरवला की पुडी (वरचं कातडं) सैल पडते, किनारीचा आवाज मरतो. तुम्ही पांढरी एकचा दाया मागवलात आणि तो पांढरी चारच्या पंचमात ठेवलात. काम झालं.

आता शब्दांकडे येतो. मंडळातल्या शिकलेल्या मुलींना 'येड्या, गयातला हार, म्हनू नको रे लोढनं' मधला 'गयातला' सुधारून 'गळ्यातला' करायचा होता. तुम्ही तो हलू दिला नाहीत. आपल्या बोलीत ळचा य होतो, डोळ्याचा डोया होतो, आणि त्या 'य'वर सूर लांबवता येतो. 'ळ'ला जीभ वळते आणि सूर अडतो. लोढनं म्हणजे ओढाळ गुराच्या गळ्यात अडकवलेला लाकडाचा ओंडका. पंचविशीतली मुलगी ही ओळ म्हणते तेव्हा तो नव्या नवरीला दिलेला सल्ला असतो. जिजी म्हणतात तेव्हा हार आणि लोढनं दोन्ही गळ्यात वागवून झालेलं असतं, आणि 'म्हनू नको' ही त्यांनी स्वतःलाच घातलेली समजूत वाटते. 'आधी हाताला चटके, तव्हां मिळते भाकर' याचंही तेच. तरुण आवाजात 'तव्हां' हे आश्वासन आहे. जिजींच्या आवाजात तो हिशोब आहे, चुकता झालेला. तुम्ही 'चटके' नंतर दोन मात्रा रिकाम्या ठेवल्यात, म्हणून तो हिशोब ऐकू येतो.

बहिणाबाईंना (1880–1951) तिसाव्या वर्षी वैधव्य आलं. त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं ते त्यांच्या मागे, 1952 साली. 1961 च्या 'मानिनी' चित्रपटामुळे हे गाणं घरोघरी गेलं, आणि तेव्हापासून आपल्या शाळांत, स्नेहसंमेलनांत ते कोवळ्या गळ्यांनीच म्हटलं जातं. चटके सोसलेल्या बाईचं गाणं चटके सोसलेल्या बाईकडे परत गेलं, यात तुमचा वाटा मोठा आहे.

तुम्ही तालमीत अमेरिकन गायक जॉनी कॅशचा दाखला दिलात, तो आम्ही नंतर नीट ऐकला. 'हर्ट' हे मुळात ट्रेंट रेझनर या रॉक गायकाचं 1994 सालचं गाणं, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा. तरुणाने स्वतःवर काढलेला राग. 2002 मध्ये सत्तर वर्षांच्या, आजारी कॅशने ते गायलं आणि तेच शब्द आयुष्याचा जमाखर्च झाले. त्याने एक शिवराळ शब्द काढून काट्यांचा मुकुट आणला, एवढाच ठळक बदल. सुरुवातीला साथीला जवळजवळ फक्त गिटार. पियानोचा एकच सूर पुन्हा पुन्हा येतो आणि शेवटाकडे तोच सगळ्यांवर चढतो. तुम्ही म्हणत होतात की साथ आधी मागे राहिली पाहिजे, ते तिथे लख्ख कळतं.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी जळगावात पारा 44 वर होता आणि पंखा बंद ठेवायचा होता. भिंतींना कापसाच्या गाद्या उभ्या टेकवल्यात, दर वीस मिनिटांनी दार उघडलंत. माइक वीतभर अंतरावर, पण तोंडासमोर न ठेवता थोडा तिरका, कारण कवळीमुळे 'स' आणि 'च' शिट्टीसारखे येतात. अजून जवळ घेतला असता तर खर्ज फुगून शब्द गढूळ झाले असते. एको नाही, सूर सरळ करणारं सॉफ्टवेअर नाही, श्वास कापलेले नाहीत. नंतर मुलांनी श्वासाचे आवाज पुसून एक प्रत केली होती. ती ऐकताना जिजी बसल्या आहेत असं वाटतच नाही. ती ठेवली नाही.

आता आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी घ्यायची आहेत. झोक्यावरची ही गाणी माहेरी आलेल्या लेकींची. सत्तरीतली बाई ती म्हणते तेव्हा आई-बाप नसतात, बहुतेक वेळा घरही दुसऱ्याचं झालेलं असतं, आणि 'माहेर' हा शब्दच वेगळा लागतो. दोघी आज्या तयार आहेत. एकीचा बोलण्याचा सूर काळी दोनवर टेकतो, दुसरीचा पांढरी पाचवर. चार पट्ट्यांचं अंतर आहे. एकत्र गायला लावायचं की एकेक कडवं वाटून द्यायचं, ते तुम्ही येऊन ऐकल्याशिवाय ठरवणार नाही. पांढरी एकचा दाया आमच्याकडेच आहे, तो गुंडाळून गादीखाली न ठेवता कोरड्या फडताळात ठेवला आहे.

आपले कृतज्ञ,
मंडळातले सगळे
जळगाव