सुमे, गोळी अशी तडकाफडकी सोडू नकोस

कऱ्हाड,
शनिवार, रात्री

प्रिय सुमे,

सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आला तेव्हा माझ्या औषधांच्या दुकानात संध्याकाळची गर्दी होती, त्यामुळे तुला धड काही सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र लिहायला बसलेय. व्हॉट्सअॅपवर तुकड्यातुकड्यांनी लिहिलं असतं तर तू अर्धं वाचलं असतंस आणि उरलेलं न वाचताच जावेला पाठवलं असतंस.

'पॅननं किडन्या जातात, माणूस विसराळू होतो' असा मेसेज आला आणि तू त्याच दिवशी ती गोळी, म्हणजे पोटातलं आम्ल कमी करणारं पॅन्टोप्राझोल, बंद केलीस. चार-पाच दिवसांत छातीत अशी आग पडली की रात्र बसून काढावी लागली. आता तुला वाटतंय की पोटात काहीतरी मोठं बिघडलंय आणि जन्मभर गोळीशिवाय आपलं निभणार नाही. अगं, ही जळजळ बहुधा गोळी एकदम सोडल्याची आहे.

पोटात आम्ल किती आहे याच्यावर शरीराची सारखी नजर असते. गोळीनं आम्ल कमी झालं की गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि आम्ल बनवणाऱ्या पेशींच्या मागे लागतं, आणखी करा म्हणून. गोळी चालू असेपर्यंत त्याचं काही चालत नाही. पाणी गेलेलं असताना नळ उघडा राहिला आणि आपण बाहेर पडलो, तर पाणी आल्यावर घरात जे होतं ना, ते तुझ्या पोटात झालंय. डेन्मार्कमध्ये यावर एक छान प्रयोग झाला, २००९ साली तो प्रसिद्ध झाला. पोटाची काहीही तक्रार नसलेली १२० माणसं घेतली. निम्म्यांना आठ आठवडे याच जातीची गोळी दिली आणि मग त्यांच्या नकळत तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी सुरू केली. उरलेल्यांना पहिल्यापासूनच बिनऔषधाची. औषध बंद झाल्यावरच्या आठवड्यांत पहिल्या गटातल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर असलं काहीतरी झालं. दुसऱ्या गटात १५ टक्क्यांना. धडधाकट माणसांची ही गत! हा जोर दोन-चार आठवडे, कधी थोडा जास्त राहतो आणि ओसरतो. पण त्या आठवड्यांतच माणसं घाबरून परत गोळीकडे वळतात आणि मग वर्षानुवर्षं ती सुटत नाही.

मुळात ही गोळी तुला दिली कशासाठी होती, आठवतंय का? मला आठवतंय. अंगणात घसरून गुडघा दुखावला, हाडांच्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांची दुखण्याची गोळी लिहिली आणि ती पोटाला बाधू नये म्हणून जोडीला पॅन-डी (म्हणजे पॅनच, त्यात आणखी एक औषध मिसळलेलं). ते योग्यच होतं. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक या गोळ्या दुखणं थांबवताना पोटाच्या अस्तराचं संरक्षणही कमी करतात. साठी गाठलेल्या माणसाला त्यातून अल्सर होऊन रक्तस्राव व्हायची भीती असते. पुढे गुडघा बरा झाला, दुखण्याची गोळी थांबली आणि पॅन-डी तेवढी राहिली. थांबव असं कुणी म्हणालं नाही, आणि दुकानदारानंही विचारलं नाही. माझ्याकडेही रोज अशी माणसं येतात. घडीवर फाटलेली जुनी चिठ्ठी नाहीतर रिकाम्या स्ट्रिपचा तुकडा काउंटरवर ठेवतात आणि 'हीच द्या' म्हणतात. स्ट्रिपवर लाल रेघ असते, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही या अर्थाची. अँटिबायोटिकवर ती लोकांना हल्ली दिसायला लागलीय. गॅसच्या गोळीवर कुणालाच दिसत नाही, आमच्या धंद्यातल्या लोकांनासुद्धा!

आणि घेत होतीस तेव्हा तरी ती नीट घेत होतीस का? 'नाश्ता झाल्यावर बाकीच्या गोळ्यांबरोबर,' म्हणालीस. मग तिचा बराचसा परिणाम वायाच गेला म्हणायचा. पोटातल्या पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे पंप असतात. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल ही सगळी मंडळी तो पंप बंद पाडतात, पण चालू असेल तोच. पंप जागे होतात जेवताना. म्हणून गोळी नाश्त्याच्या किंवा जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी रिकाम्या पोटी घ्यायची, म्हणजे ती आतड्यात विरघळून रक्तातून पेशींपर्यंत पोचते आणि तेवढ्यात तू पोह्यांची बशी पुढ्यात घेतेस. गोळी घेऊन काहीच खाल्लं नाही तरी तिचं काम अर्धवट राहतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. शिवाय सगळे पंप एका दिवसात हाती लागत नाहीत, पूर्ण परिणाम यायला तीन ते पाच दिवस लागतात. त्यामुळे लग्नात जिलेबी-मठ्ठा हाणून रात्री एक पॅन टाकायची, याला फारसा अर्थ नाही. त्या वेळेपुरता उतारा हवा तर जेल्युसिल, डायजीनसारखं पातळ औषध बरं.

तुझ्या सकाळच्या गोळ्यांचा घोळ वेगळाच आहे. थायरॉईडची गोळी उठल्याबरोबर नुसत्या पाण्याबरोबर घे. चहा किमान अर्धा तास, जमलं तर तासभर लांबव. (जमणार नाही म्हणशील. जमव.) पॅन घ्यायचीच असेल तर ती चहाच्या आधी, किंवा सरळ रात्रीच्या जेवणाआधी घेता येते का, ते डॉक्टरांना विचार, जळजळ रात्रीची असेल तर तेच सोयीचं पडतं. कॅल्शियम आणि जेल्युसिल मात्र थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब ठेव. आणखी एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. पोटात आम्ल कमी असलं की थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही, मग त्या दोन गोळ्यांमध्ये कितीही अंतर ठेवलं तरी फरक पडत नाही. म्हणजे पॅन चालू असताना तुझा थायरॉईडचा डोस थोडा वाढवावा लागला असेल, तर पॅन सुटल्यावर तोच डोस जास्त होऊ शकतो. तेव्हा सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून घे. तुझं कॅल्शियम कार्बोनेटचं आहे, त्यालाही आम्ल लागतं, म्हणून ते जेवणाबरोबर घ्यायचं.

आता घरातल्या दुसऱ्या दोघांचं. तू जोशात मोहनरावांचीही गोळी काढून टाकायच्या बेतात आहेस असं बोलण्यावरून वाटलं. ते अजिबात करायचं नाही! स्टेंट बसवल्यापासून ते अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही घेतात. दोन्ही रक्त पातळ ठेवणारी. त्यांच्या पोटात रक्तस्राव होऊ नये म्हणून ही गोळी दिलेली आहे, गॅससाठी नव्हे. फक्त स्ट्रिपवरचं नाव बघ. क्लोपिडोग्रेल यकृतात बदलल्यावरच काम करतं, आणि ओमेप्राझोल व एसोमेप्राझोल त्या बदलाला अडथळा करतात. पॅन्टोप्राझोलचा अडथळा फार कमी. ओमेप्राझोल दिसलं तर घरच्या घरी बदलू नकोस, हृदयाच्या डॉक्टरांना फोन कर.

सासूबाईंचं ऐकून मात्र मी जरा थबकले. त्यांचा हात थरथरतो, चाल मंदावलीय, 'वयच झालंय' म्हणालीस. त्यांच्या कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड आहे का ते बघ, नावापुढे बहुतेकदा 'एल' असतं. पोट हलकं वाटावं म्हणून ते पॅन किंवा राबेप्राझोलमध्ये मिसळलेलं असतं, आणि म्हाताऱ्या माणसांत त्यानं कंपवातासारखी लक्षणं दिसू शकतात. औषध थांबवल्यावर ती बहुतेकदा हळूहळू कमी होतात. डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवा, कंपवाताच्या गोळ्या सुरू व्हायच्या आधी. आणि कॅप्सूलमधली गोळी मधात कुटून देतेस ते थांबव. तिच्यावरचं आवरण पोटातल्या आम्लापासून तिला वाचवण्यासाठीच असतं. कुटली की ती पोटातच नासते.

तुझ्या पॅन-डीमधलं 'डी' म्हणजे डोम्पेरिडोन. त्यानं हृदयाचे ठोके क्वचित बिघडू शकतात, म्हणून युरोपच्या औषध संस्थेनं २०१४ साली त्याचा वापर मळमळ-उलटीपुरता आणि साधारण आठवडाभरापुरता ठेवायला सांगितलं. आपल्याकडे लोक ते वर्षानुवर्षं घेतात. तुला मळमळ होती का कधी? नव्हती. मग ते कशाला घ्यायचं?

राहिला तो मेसेज. त्यात सगळंच खोटं नाही, म्हणून तर तो पसरतो. ही गोळी खूप काळ घेणाऱ्यांत किडनीचे विकार, हाडं मोडणं, स्मृतिभ्रंश जास्त दिसला, असे अभ्यास आलेले आहेत. पण त्यातले बहुतेक नुसत्या नोंदी चाळून केलेले. जी माणसं वर्षानुवर्षं गोळी घेतात ती मुळातच जास्त आजारी असतात, दहा औषधं घेत असतात. दोष गोळीचा की आजाराचा, हे त्यातून कळत नाही. याउलट २०१९ साली जवळजवळ १७,६०० लोकांवरच्या चाचणीचे निकाल आले. हृदय-रक्तवाहिन्यांचा आजार असलेली माणसं, निम्म्यांना पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅम, निम्म्यांना बिनऔषधाची गोळी, सुमारे तीन वर्षं. किडनी, स्मृतिभ्रंश, हाडं, न्यूमोनिया, कशातही ठळक फरक आढळला नाही. पोटाचे संसर्ग तेवढे थोडे जास्त, १ टक्क्याच्या जागी १.४. मला या निकालानं धीर येतो. अर्थात तीन वर्षं म्हणजे पंधरा वर्षं नव्हेत.

मला स्वतःला खरी काळजी वाटते ती बी-१२ची. अन्नातल्या प्रथिनांपासून बी-१२ सुटं व्हायला आम्ल लागतं. तू शाकाहारी, म्हणजे आधीच पुरवठा दुधादह्यावर, त्यात ही गोळी दोन वर्षांपेक्षा जास्त. पायाला मुंग्या येतात म्हणालीस, त्याचं कारण हेच असेल असं नाही, पण तपासून बघायला हवं. सोबत हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि मॅग्नेशियम. वर्षभराहून जास्त घेणाऱ्यांत मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, म्हणून रात्री पोटऱ्यांत गोळे येतात का तेही डॉक्टरांना सांग. एच. पायलोरी या पोटात अल्सर करणाऱ्या जंतूची श्वासाची किंवा शौचाची तपासणी सांगितली, तर त्याआधी पॅन दोन आठवडे बंद असावी लागते, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट चांगला येतो. तू ती आता बंदच केली आहेस, तर परत सुरू करायच्या आधी हे विचारून घे.

सोडायची झाली तर डॉक्टर साधारण असं करतात: ४० मिलिग्रॅमची गोळी २० वर आणायची, दोन-चार आठवड्यांनी दिवसाआड, मग बंद. मधल्या जळजळीला जेवणानंतरचं पातळ औषध किंवा थोडे दिवस फॅमोटिडिन, हे आम्ल कमी करणारं दुसऱ्या जातीचं औषध. एकदम बंद करूनही काहीजण तगतात. तू आधीच निम्मी वाट चाललीस, तेव्हा परत सुरू करायचं की असंच रेटायचं, हे सोमवारी दवाखान्यात ठरव. तोवर रात्रीचं जेवण साडेसातला उरक, लगेच आडवी होऊ नकोस, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घाल. नुसत्या उशा रचल्या की पोट दुमडतं आणि उलट त्रास वाढतो. डाव्या कुशीवर झोप. थंड दुधानं घटकाभर बरं वाटेल, पण त्यानं नंतर आम्ल वाढतं. खाण्याचा सोडा आणि इनो मोहनरावांना रोज देऊ नकोस, त्यात सोडियम फार.

आणि हे नीट वाच. गिळताना घास अडकणं, वजन आपोआप उतरणं, डांबरासारखी काळी शौचास होणं, उलटीत रक्त, यातलं एक जरी दिसलं तरी गोळीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. मोहनरावांच्या छातीत जळजळ झाली, सोबत घाम आला किंवा जबडा, हात दुखायला लागला, तर जेल्युसिल शोधत बसू नका, गाडी काढा.

सोमवारी जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून ने, सासूबाईंच्यासुद्धा. त्याआधी मागच्या बाजूचे फोटो मला पाठव, नावं नीट वाचता येतील असे.

तुझी,
विजू

ता.क. कपाटात पडलेली रॅनटॅक घेऊ का, हे विचारलं होतंस ते राहूनच गेलं. रॅनटॅक म्हणजे रॅनिटिडिन. त्यात २०१९ साली एनडीएमए नावाचं, कर्करोगाचा धोका वाढवू शकणारं द्रव्य सापडलं. अमेरिकेनं २०२० मध्ये ते बाजारातून काढायला लावलं, आणि २०२२ मध्ये आपल्या आवश्यक औषधांच्या यादीतूनही ते गेलं. इथे अजून विकलं जातं, पण फॅमोटिडिन मिळत असताना मी तरी ते देत नाही. ती स्ट्रिप टाकून दे.